कार्यक्रमाआधी आवाज कसा तयार करायचा: सोलापुरातल्या नवख्या गायकांसाठी आणि वक्त्यांसाठी

गायला किंवा बोलायला उभं राहण्याआधी आवाज तयार करावा, हे सगळेच सांगतात. कसा करावा, असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणी आल्याचा रस प्या म्हणतं, कुणी तासभर खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, लावा म्हणतं, कुणी चार ताना मारून घ्या म्हणतं. मी सोलापुरात शाळेत शिकवते, भजनी मंडळात गाते आणि अधूनमधून कार्यक्रमांचं निवेदन करते. त्यामुळे हे सगळे सल्ले मी ऐकले आहेत आणि त्यातले बरेचसे करून पाहिले आहेत. त्यांतलं खरंच उपयोगी काय, ते कोणत्या क्रमाने करायचं आणि आपल्या गावच्या हवेत काय जपायचं, हे एका जागी लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. कार्यक्रमाआधीची तयारी आणि रियाज ही दोन वेगळी कामं आहेत. रियाजात आपण गळ्याकडून अजून येत नाही ते काढून घ्यायला बघतो. त्यात गळा दमतो, आणि दमला तरी चालतो, कारण नंतर विश्रांती असते. तयारीत मात्र गळ्याला सहज येतं तेवढंच हलक्या हाताने करून घ्यायचं आणि तो ताजा ठेवून मंचावर न्यायचा. स्पर्धेच्या आधी विंगेत अख्खं गाणं चार-चार वेळा पूर्ण जोरात म्हणणारी मुलं मी दरवर्षी बघते. मंचावर जायची वेळ येते तेव्हा त्यांचा तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, बसलेला असतो. त्यांची मेहनत कमी पडत नाही, ती चुकीच्या वेळी होते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

गळ्यात नेमकं काय चालतं, तेही थोडक्यात सांगते. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, पुरुषांत साधारण दोन सेंटिमीटर लांब, स्त्रियांत त्याहून थोडे आखूड. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, मध्य सा (मधल्या सप्तकातला सा) लावणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचे सुमारे २०८ वेळा, आणि तार सा ला गेलं की त्याच्या दुप्पट. इतक्या वेगाने एकमेकांवर येणारी ही नाजूक कड ओली आणि मऊ राहायला हवी. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

आपली हवा

सोलापूरची हवा कोरडी. मार्च ते मे पारा चाळीसच्या वर जातो आणि तोंडाने श्वास घेत दोन चौक चाललं तरी घसा सुकतो. लग्नसराई आणि तिच्याबरोबर येणारं निवेदन, मंगलाष्टका, गाण्यांचे कार्यक्रम नेमके याच दिवसांत. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर धुरळा असतो, पहाटे गारठा असतो आणि चारी बाजूंनी भोंगे. पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग चालतात, त्यांना दिवसभर मागाच्या खडखडाटावरून बोलायची सवय असते आणि कापसाची बारीक धूळही नाकातोंडात जाते. म्हणून दमट हवेतल्या गायकाला तयारीला पाच-सात मिनिटं पुरत असतील, तर तुम्ही पंधरा-वीस मिनिटं धरा.

जवळ काय ठेवायचं

- पाण्याची बाटली, साधं पाणी
- स्टीलची किंवा कागदाची एक स्ट्रॉ आणि अर्धा ग्लास पाणी (एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, स्टीलची घेतलीत तर बारीक ब्रशने धुवत जा)
- मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप, आणि आपली पट्टी (कोणत्या स्वराला सा धरून गाता ते) लिहिलेला कागद
- लहान आरसा
- नाकातोंडावर धरायला सुती रुमाल किंवा पंचा
- भाषण किंवा निवेदन असेल तर मोठ्या अक्षरात लिहिलेली संहिता

१. आदल्या रात्रीपासून सुरुवात

मंचावर चढताना गटागटा प्यायलेलं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पाणी अन्ननलिकेतून जातं आणि स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. त्यांना ओलावा मिळतो तो शरीरातून, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून कार्यक्रम संध्याकाळी असेल तर सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहा. आयत्या वेळचा घोट तोंडाचा कोरडेपणा घालवायला बरा, पण तेवढ्यावर विसंबू नका.

रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरका. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि वर शेंगाचटणी खाऊन लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं आणि स्वरयंत्राला लागतं. सकाळी आवाज घोगरा आणि घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. शेंगाचटणी सोडा असं सोलापूरकराला सांगायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही. फक्त कार्यक्रमाच्या आदल्या रात्री लवकर आणि बेताने जेवा.

वाफ घ्यायची असेल तर साध्या पाण्याची, पाच-सात मिनिटं, कार्यक्रमाच्या तास-दीड तास आधी. वाफ श्वासाबरोबर थेट आत जाते, म्हणून कोरड्या दिवसांत तिचा चांगला उपयोग होतो. त्यात बाम घालू नका. मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका, भाजण्याची भीती असते.

तुम्ही शिक्षक असाल, भाजी मंडईत बोलत असाल किंवा मागावर काम करत असाल, तर तयारीच्या आधी अर्धा तास गप्प बसा. दमलेल्या आवाजाला आधी विश्रांती हवी, व्यायाम त्यानंतर.

२. मान, खांदे, जबडा, जीभ

तीन-चार मिनिटं पुरतात. खांदे कानाकडे उचला आणि सोडून द्या. मान हळूच डावीकडे, उजवीकडे, खाली न्या. गोल गरगर फिरवू नका. दोन्ही तळहात गालांवर ठेवून खाली ओढत आणा आणि जबडा आपोआप खाली येऊ द्या. आरशात बघा: खालचा जबडा सैल लोंबतोय की ताठ आहे? जीभ बाहेर काढून दोन्ही कोपऱ्यांना लावा. मग मुद्दाम दोन-तीन जांभया द्या. जांभईत स्वरयंत्र खाली येतं आणि घसा मागून उघडतो. गाताना तीच मोकळी जागा हवी असते.

ही पायरी बहुतेक जण सोडतात, कारण त्यात आवाज काढायचा नसतो. पण भीतीने माणूस सगळ्यात आधी आवळतो तो जबडा आणि खांदे, आणि आवळलेल्या जबड्यातून शब्द चेपलेले येतात.

३. श्वास

एक तळहात पोटावर, एक बरगड्यांच्या बाजूला. नाकाने श्वास घ्या. बरगड्या बाजूला फुलल्या पाहिजेत, खांदे वर जाता कामा नयेत. मग दातांतून बारीक ‘स्स्स’ असा सोडा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जोराचा. आधी दहा आकडे मोजा, मग पंधरा, जमलं तर वीस. तीन-चार वेळा बास. जास्त केलं की गरगरतं.

मंचावर जायच्या तोंडावर कपालभाती किंवा जोराचा प्राणायाम मी कुणालाच करायला सांगत नाही. सकाळी घरी जरूर करा, पण आयत्या वेळी भराभर हवा आत-बाहेर केली की घसा कोरडाच पडतो.

४. स्ट्रॉमधून आवाज

या लेखातली एकच पायरी करायची झाली तर ही करा.

स्ट्रॉ ओठांत धरा, बाजूने हवा निसटू देऊ नका आणि तिच्यातून ‘ऊ’ असा हलका आवाज काढा. जमतंय का, हे कळायला आवाज चालू असताना नाक चिमटीत धरा. आवाज बदलला किंवा बंद पडला, तर हवा नाकातून निसटते आहे. न बदलता चालू राहिला तर बरोबर. आता सोयीच्या मधल्या स्वरापासून हळूहळू वर आणि परत खाली घसरत या. एक मिनिटाने स्ट्रॉचं टोक ग्लासातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि तोच आवाज काढत बुडबुडे येऊ द्या. बुडबुडे एका लयीत आले म्हणजे श्वास सारखा सुटतो आहे.

तोंडाचं दार अरुंद झालं की हवेचा थोडा दाब मागे, स्वरतंतूंच्या वर साठतो. त्यामुळे ते एकमेकांवर आपटत नाहीत, अलगद भिडतात आणि कमी ताकदीत कंप पावतात. अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी या स्ट्रॉच्या व्यायामाचा पुष्कळ अभ्यास आणि प्रसार केला. आवाजाच्या उपचारातही तो वापरतात. शिवाय त्याचा आवाज इतका बारीक असतो की सभागृहाच्या मागच्या खोलीत कुणाला त्रास न देता करता येतो. दोन-तीन मिनिटं करा. जोर लावून फुंकू नका.

५. गुंजन आणि ओठांची फुर्र

ओठ हलके मिटून, दात न मिटता ‘म्’ लावा. ओठांना आणि नाकाच्या मुळाशी गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं पाहिजे. घशात जाणवत असेल तर आवाज कमी करा. मग लहान मूल गाडी-गाडी खेळताना ओठांनी करतं तसा ‘ब्र्र्र’ आवाज काढत मधल्या स्वरापासून वर आणि खाली या. ओठ थांबत असतील तर दोन बोटांनी गाल किंचित वर उचलून धरा. फुर्र मध्येच तुटली तर तिथे श्वास अडला, असं समजा. त्या जागी जोर न लावता पुन्हा करा.

६. गाणाऱ्यांसाठी: खर्ज, अलंकार, पट्टी

तानपुरा आपल्या पट्टीत लावा आणि मध्य सा पासून सुरुवात करा. तिथून सावकाश खाली, मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातले, नी, ध, प असं एकेका स्वरावर थांबत जा. जिथे आवाज खरखरायला लागतो, तिथे थांबा. खर्जाचा पूर्ण अभ्यास पहाटेचा. उठल्यावर आवाज मुळातच जड असतो आणि खालचे स्वर सहज लागतात. संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी खर्जाला नुसतं शिवून यायचं. तासभर खालीच बसलात तर पुढे वर चढताना आवाज जड वाटतो.

मग सारेग, रेगम, गमप हा साधा अलंकार विलंबित, म्हणजे संथ लयीत, आधी सरगमने, मग आकाराने, म्हणजे नुसता ‘आ’ म्हणत. आवाज अर्धाच ठेवा. तार सप्तकात सा, रे, ग यांना एकदा-दोनदा फक्त स्पर्श करा, तिथे ठाण मांडू नका. शेवटी गाण्याचा मुखडा आणि सगळ्यात उंच जाणारी ओळ एकेकदा हलक्या आवाजात म्हणा. अख्खं गाणं म्हणायचं नाही.

आता पट्टीबद्दल, कारण इथे पुष्कळ गळ्यांचं नुकसान होतं. घरी मोबाईलवर काळी चारमध्ये तयारी करायची आणि मंचावर पेटी भलत्याच पट्टीत निघाली, तर वरची सगळी तयारी वाया जाते. पेटीवाल्यांना आधी भेटा, पट्टी सांगा, तबला त्यातच लावलाय का ते बघा. भजनी मंडळांत तर पट्टी बहुतेक वेळा पुरुषांच्या सोयीने धरली जाते. काळी एक धरली की बायकांना खालचा सा पोचत नाही आणि वरच्या सा पासून गायचं तर अंतरा किंचाळूनच म्हणावा लागतो. माझं मंडळांना कळकळीचं सांगणं आहे, बायका म्हणणार असतील तो अभंग त्यांच्या पट्टीत घ्या. पेटीवर बोटं सरकवायला क्षणभर लागतो. आणि बायांनो, तुम्हीही संकोच न करता आपली पट्टी सांगा.

७. बोलणाऱ्यांसाठी: स्वर आणि शब्द

आधी आपला बोलण्याचा स्वर शोधा. समोरचं माणूस काही सांगतंय आणि आपण सहज ‘हं… हं’ म्हणतोय, असं म्हणून बघा. तो जिथे निघतो, त्याच्या आसपास तुमचा नैसर्गिक स्वर असतो. भारदस्त वाटावं म्हणून आवाज मुद्दाम खाली दाबून निवेदन करण्याची एक पद्धत पडली आहे. ती टाळा. दाबलेला आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही आणि तासाभरात बसतो.

मग जीभ आणि ओठ. ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ किंवा ‘कच्चा पापड, पक्का पापड’ आधी अगदी सावकाश, तोंड गरजेपेक्षा जास्त उघडून म्हणा. वेग नंतर. नुसता वेग वाढवला की अक्षरं गिळली जातात आणि व्यायामाचा हेतूच जातो.

आपल्या गावात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी आणि मंचावर मराठी बोलणारी मुलं खूप आहेत. त्यांच्या भाषणात जी नावं आणि शब्द येणार आहेत, त्यांचाच व्यायाम करून घ्यावा, असं माझं मत आहे. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांवर शाळाशाळांत भाषणं होतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा: ही चार नावं एकेक अक्षर मोकळं करत पाच वेळा म्हटली की ल्ल, प्प, ट्ट, न्न, श्र, ष्ण अशी सगळी जोडाक्षरं जिभेवरून जातात, आणि भाषणात ती नावं नीट, मानाने उच्चारली जातात.

जानेवारीतल्या सकाळी, १२ तारखेला काय किंवा २६ ला काय, मुलांना गारठ्यात रांगेत उभं करून थेट घोषणा द्यायला लावू नका. आधी वर्गात दोन मिनिटं ‘म्’ चं गुंजन आणि फुर्र करून घ्या. लेकरं ते हसतखेळत करतात.

८. मंचावर जाण्याआधीची दहा मिनिटं

हुतात्मा स्मृती मंदिर असो, फडकुले सभागृह असो की गल्लीतला गणपतीचा मांडव, निदान अर्धा तास आधी पोचा. बाहेरच्या उन्हातून एकदम वातानुकूलित खोलीत गेलात तर थोडा वेळ नाकानेच श्वास घ्या, बोलू नका. धुळीतून आला असाल तर चूळ भरा.

माईकची चाचणी स्वतः करा. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, त्याला कळतही नाही. उपाय एकच: आपला आवाज आपल्याला ऐकू आला पाहिजे. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या दादांना मंचाकडे तोंड केलेला स्पीकर थोडा वाढवायला सांगा, आणि माईक तोंडाजवळ धरा.

या वेळात टाळायच्या गोष्टी:

- घसा खाकरणे. त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि त्रासलेल्या जागी पुन्हा कफ येतो. घोट घ्या किंवा नुसतं गिळा.
- कुजबुजणे. आवाज वाचतो असं वाटतं, पण बहुतेक जण कुजबुजतानाही घसा ताणतात. एक तर गप्प राहा, नाही तर हळू पण खऱ्या आवाजात बोला.
- झोंबणाऱ्या मेंथॉलच्या गोळ्या. घसा बधिर वाटतो आणि ताण पडतोय हे कळत नाही. ज्येष्ठमध किंवा खडीसाखर चघळायला हरकत नाही. त्याने लाळ सुटते आणि घशाला बरं वाटतं, आवाज मात्र त्याने तयार होत नाही.
- विंगेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा. नमस्कार करा आणि पुढे चला.

९. झाल्यावर

कार्यक्रम संपला की तीन-चार मिनिटं पुन्हा स्ट्रॉ किंवा गुंजन, या वेळी वरून खाली येत. लोक भेटायला येतात, बाहेर वाहनांचा आवाज असतो, आणि मंचावर नीट सांभाळलेला आवाज तिथे ओरडून बोलण्यात जातो. बाजूला शांत जागी जाऊन बोला.

१०. कधी गायचं नाही

सर्दी-खोकल्याने आवाज बसला असेल, बोलताना दुखत असेल किंवा गाता गाता आवाज एकदम गेला असेल, तर कोणतीही तयारी करून गाऊ नका. स्वरतंतूंना सूज असताना जोर केल्याने दुखणं लांबतं. आयोजकांना वेळेवर कळवा, तेही समजून घेतात.

आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. तंबाखू-विडीची सवय असेल, मानेत गाठ लागत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर तेवढेही थांबू नका. खासगीत परवडत नसेल तर सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. डॉक्टर बहुधा लहान दुर्बिणीने किंवा नाकातून घातलेल्या बारीक नळीच्या कॅमेऱ्याने स्वरतंतू बघतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण तपासणी काही मिनिटांतच होते.

जाताना आधार कार्ड, जुने केसपेपर आणि चालू औषधांची यादी न्या. एका कागदावर लिहून ठेवा: आवाज कधीपासून बिघडला, सकाळी जास्त बसतो की संध्याकाळी, दिवसाला किती तास बोलता किंवा गाता, आम्लपित्त आहे का. आणि मी गाते, मी शिकवतो, मी कीर्तन करतो, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा. आवाजावर तुमचं काम चालतं हे कळलं की ते विश्रांती किती घ्यायची आणि पुन्हा कधी सुरू करायचं, हे त्या हिशेबाने सांगतात.